पिकअपवर कयाक नेण्यासाठी घरी बनवायचं कॅरियर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलाडला कुंडलिकेवर, मुळशी-पवनेच्या जलाशयांत किंवा तारकर्ली-देवबागच्या खाडीत कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) नेणाऱ्यांपैकी अनेकांकडे साधी मालवाहू पिकअप असते आणि गावात वेल्डिंगचं दुकान असतं. तेवढ्यावर चांगलं कॅरियर बनतं. खालची मापं कॅबिन वेगळी आणि हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) वेगळा अशा पिकअपसाठी आहेत. हौदा आतून साधारण २.७ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरला आहे, आणि वर ३ ते ४ मीटर लांबीच्या, प्रत्येकी २० ते ३० किलोच्या प्लास्टिकच्या कयाक, जास्तीत जास्त चार. तुमची गाडी वेगळी असेल तर मापं बदला, पण जोडणीची पद्धत तीच ठेवा.

चार कयाक म्हणजे शंभर-सव्वाशे किलो. चार पाइप उभे केले की झालं, एवढा विचार कशाला?

खाली दाबणारं वजन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. उभ्या पाइपवर सव्वाशे किलो ठेवले तर त्याला काही होत नाही. कॅरियर मोडतं ते पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे बसणाऱ्या हिसक्यांनी.

जोरात ब्रेक मारला की वरच्या मालाच्या वजनाच्या पाऊणपट जोर पुढे ढकलतो. चार कयाकसाठी हा ७५ ते ९० किलोचा धक्का झाला, आणि तो हौद्याच्या तळापासून सव्वा मीटर उंचीवर बसतो. उंची जितकी जास्त, तितका पायाच्या जोडावर पडणारा पीळ जास्त. खड्ड्यात एका बाजूचं चाक गेलं की तोच प्रकार आडवा होतो. शिवाय वारा. ताशी ६० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण १७ किलो असतो, ८० ला ३० आणि १०० ला ४७. वेग थोडाच वाढला तरी दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

असा एखादा धक्का २ मिलिमीटरचा पाइप सहज सोसतो. पण एका खराब रस्त्यावर असे हजारो छोटे हेलकावे उलटसुलट बसतात आणि वेल्डच्या कडेला, जिथे पाइप तापून निघालेला असतो तिथे, केसासारखी चीर पडते. म्हणून मेहनत दोन ठिकाणी घ्यायची: तिरप्या टेक्यांवर आणि गाडीला जिथे पाय बसतात तिथे. बाकी सगळं दुय्यम.

पुढचा आधार कॅबिनच्या टपावर घेतला तर दोन पाय वाचतील ना?

वाचतील, पण कॅरियर टिकणार नाही. कॅबिन रबरी गादीवर बसवलेली असते आणि हौदा चासीला बोल्टने. उंचसखल रस्त्यावर चासी पिळते तेव्हा कॅबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. गाडी एका चाकाने चढणीवर उभी करून दोघांमधली फट डावीकडे आणि उजवीकडे बघा, फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. दोन्हीला एकच सांगाडा घट्ट जोडला की तो फरक सांगाड्याने सोसायचा. मग एक तर वेल्ड तडकतो, नाहीतर टपाचा पत्रा फाटतो.

सगळे चार पाय हौद्यातच घ्या. कयाकचं टोक कॅबिनच्या वर अधांतरी जाऊ द्या आणि टप व आडव्या पाइपच्या तळामध्ये किमान १०० मिलिमीटर मोकळं ठेवा.

नेमका सांगाडा कसा? किती सामान लागेल?

पाइप सहा मीटरच्या लांबीत मिळतो, त्या हिशोबाने:

- ४० × ४० मिमी चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, २ मिमी जाडी (१४ गेज) : ३ नग
- २५ × २५ मिमी चौकोनी पाइप, २ मिमी : १ नग
- १५० × १५० × ६ मिमी प्लेट : ८ नग (४ वरून, ४ पत्र्याखालून)
- एम १० बोल्ट, ८.८ ग्रेड, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) आणि मोठे वायसर : १६ संच
- कड्यांसाठी १० मिमीची गुळगुळीत सळई : ३ मीटर

एका मोठ्या पाइपमधून १.१५ मीटरचे चार उभे पाय काढा. दुसऱ्यातून १.६५ मीटरचे तीन आडवे. तिसऱ्यातून १.९ मीटरचे दोन लांबीचे तुकडे. पायांची उंची मात्र कापण्याआधी स्वतःच्या गाडीवर मोजा, कारण टपाची उंची प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते.

लांबीचे दोन पाइप पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये बसतात, त्यांची वरची कड पायाच्या माथ्याशी सपाट. त्यावर तीन आडवे येतात: एक पुढच्या पायांवर, एक मागच्या पायांवर, एक मधोमध. मधला आडवा छोट्या, अडीच-पावणेतीन मीटरच्या नदीच्या कयाकसाठी लागतो. पाय बाहेरून बाहेर १.५ मीटर रुंदीवर ठेवा, म्हणजे आडवा दोन्हीकडे ७५ मिमी बाहेर राहतो आणि पट्टा अडकवायला जागा मिळते.

पुढचे पाय हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून १०० मिमीवर. मागचे पाय अगदी फाळक्यापाशी (हौद्याच्या उघडणाऱ्या भिंतीपाशी) घेण्याचा मोह होतो, तो टाळा. ४ मीटरची कयाक मागे फाळक्याच्या रेषेत थांबवली आणि पाय फाळक्यालगत असतील, तर मागचा आधार तिच्या निमुळत्या टोकाखाली येतो आणि पट्टा टोकावरून निसटतो. वरच्या मापाने मागचे पाय फाळक्यापासून साधारण ६५ सेंटिमीटर आत येतात, पट्टा कयाकच्या रुंद भागावर बसतो आणि पुढचं टोक कॅबिनवर १.३ मीटर जातं.

२५ मिमीच्या पाइपमधून टेके कापा. लांबीच्या बाजूने प्रत्येक पायाला ६०० मिमीचा एक, रुंदीच्या बाजूने ४०० मिमीचा एक, दोन्ही ४५ अंशांत. एकूण ४ मीटर. हे आठ टेके नसतील तर बाकीचं कितीही जाड घेतलं तरी कॅरियर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं एका अंगाला झुकतं.

पूर्ण सांगाडा सुमारे ४५ किलो भरतो. फॅब्रिकेशनवाले बहुधा किलोवर दर सांगतात, तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या.

१८ गेजचा पाइप निम्म्या किमतीत पडतो. तो चालेल?

नाही. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटर. गेटच्या नक्षीला ठीक. त्यावर साध्या मशीनने वेल्ड मारताना पाइपला भोक पडतं, मग वेल्डर करंट कमी करतो, आणि कमी करंटचा वेल्ड वरून गोळा दिसतो पण आत धरलेला नसतो.

लाकूड किंवा ॲल्युमिनियम?

आडव्यासाठी सागवानी लाकडाचा किंवा चांगल्या बांबूचा विचार होऊ शकतो, पण पायांसाठी आणि जोडांसाठी नको. कोकणातल्या पावसात बोल्टभोवतीचं लाकूड फुगतं, सुकलं की भोक सैल होतं. ॲल्युमिनियमचा वेल्ड प्रत्येक दुकानात होत नाही आणि वेल्डजवळ त्याची ताकद बरीच कमी होते.

जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप वापरला तर गंजणार नाही ना?

गंज उशिरा येतो हे खरं. पण वेल्डच्या जागेवरचा जस्ताचा थर दोन्ही बाजूंनी ५० मिमीपर्यंत ग्राइंडरने घासून काढावाच लागतो. तो जळला तर निघणाऱ्या पांढऱ्या धुराने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. घासलेल्या जागी पुन्हा गंज येतोच. एमएस घेऊन नीट रंगवणं आम्हाला जास्त पसंत आहे.

वेल्डरला काय सांगायचं?

आधी सगळीकडे फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारायला सांगा. मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून प्रत्येक कोपरा बघा आणि कर्ण मोजा. वरच्या मापात पायांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधला कर्ण २४८४ मिमी यायला हवा. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण दोन्ही कर्ण एकमेकांशी ३ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. नाही जुळले तर लांब कर्णाच्या बाजूने हातोडीने सरकवा, पुन्हा मोजा. हे काम आत्ता होतं, पूर्ण वेल्ड झाल्यावर होत नाही.

पूर्ण वेल्ड मारताना एका कोपऱ्यानंतर त्याच्या समोरचा कोपरा घ्यायचा, सलग एकाच बाजूने गेलं तर उष्णतेने सांगाडा ओढला जातो. २ मिमी पाइपला २.५ मिमीचा ६०१३ रॉड पुरतो. जोड चारही बाजूंनी बंद करायचा, तुटक तुटक नाही. स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) हातोडीने झाडून प्रत्येक जोड उजेडात बघा: कडेला पाइप खोदला गेला असेल किंवा टाचणीएवढी भोकं असतील तर तिथे घासून पुन्हा मारायला सांगा.

पाइपची उघडी तोंडं पत्र्याचे तुकडे लावून बंद करा आणि उभ्या पायांना तळाशी ६ मिमीचं एक भोक ठेवा. आत साठलेलं पाणी बाहेर आलं नाही तर पाइप आतून कुजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो.

हे सगळं जमिनीवर करा, गाडीत नाही. गाडीवर एखादा टॅक मारावाच लागला तर आधी बॅटरीची ऋण वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावा. चासीला काहीही वेल्ड करू नका.

पाय हौद्याला कसे बसवायचे?

इथे सगळ्यात जास्त कॅरियर फसतात, म्हणून सावकाश करा.

हौद्याचा तळ पन्हळी पत्र्याचा असतो. सपाट प्लेट त्यावर ठेवली की ती फक्त उंच रेघांवर टेकते, मधे पोकळी राहते. बोल्ट आवळला की पत्रा खाली बसतो, दोन दिवसांनी बोल्ट सैल. पुन्हा आवळला की पत्रा अजून बसतो. हे असंच चालू राहतं, आणि एक दिवस भोक लांबट झालेलं सापडतं. उपाय: पन्हळीच्या खोबणीत बसतील अशा लोखंडी पट्ट्या कापून पोकळी भरा, मग वरची प्लेट ठेवा. खालूनही तसंच, आणि तिथे दुसरी ६ मिमीची प्लेट. पत्रा दोन प्लेटांच्या मध्ये सँडविचसारखा धरला गेला पाहिजे. शक्य असेल तिथे पाय हौद्याखालच्या आडव्या चॅनेलजवळ येऊ द्या, मग दोन बोल्ट त्यातूनच जातात.

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि मागच्या दिव्यांची वायर नेमकी कुठून जाते ते खडूने तळावर आखून घ्या. ११ मिमीचं भोक पाडा, कडेला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) लावा, तो वाळला की सिलिकॉन भरून बोल्ट टाका. ८.८ ग्रेडच्या एम १० बोल्टला साधारण ४५ न्यूटन-मीटर आवळ पुरते. टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडून अर्ध्या तासासाठी मागून आणा. शेवटी नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज पडत नाही.

भोकं न पाडता फाळक्यांना क्लॅम्प लावला तर?

बाजूचे फाळके बिजागरीवर आणि कडीवर उभे असतात. त्यांच्यावर सांगाड्याचा भार टाकला की बिजागरीची पिन वाकते आणि फाळका चालत्या गाडीत उघडू शकतो. नको.

कयाक सरळ ठेवायची, उलटी की कडेवर?

दोनच असतील तर उलटी, तोंड खाली. बसायचं भोक आकाशाकडे राहिलं आणि ताम्हिणीत पाऊस लागला तर आत शंभर-दीडशे लिटर पाणी साठू शकतं. म्हणजे एका कयाकमागे शंभर-दीडशे किलो, तेही हेलकावणारं वजन. चार असतील तर कडेवर उभ्या कराव्या लागतात. तशी एक कयाक ३५ ते ४० सेंटिमीटर जागा घेते, चार मिळून १.६५ मीटरच्या आडव्यावर जेमतेम मावतात. त्यासाठी मधे टेकायला दोन उभे खुंट लागतात, कापून उरलेल्या पाइपमधून ते निघतात.

आडव्या पाइपवर एसीच्या नळीला लावतात तो काळा रबरी फोम चढवा आणि त्यावर जुनी ट्यूब पट्टीसारखी गुंडाळा. नुसता स्पंज लावला तर तो पाणी पितो आणि खाली लोखंड गंजत राहतं.

ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा सगळ्यात मजबूत. तोच वापरू का?

पट्टा मजबूत आहे, कयाक नाही. रॅचेटची एक-एक खटक दाब कितीतरी पटीने वाढवते आणि हाताला ते कळत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर प्लास्टिक मऊ पडतं, त्यावर असा पट्टा दोन तास राहिला की बुडाला आडवी खोबण पडते. सरळ पाण्यात जाणारी कयाक मग एका बाजूला ओढू लागते. २५ मिमी रुंदीचा, दाताच्या बकलचा साधा पॉलिएस्टर पट्टा घ्या, जो हाताने ओढून आवळतात. हाताच्या जोराने जेवढं आवळलं जातं तेवढं पुरतं. खोबण पडलीच असेल तर कयाक मोकळी करून उन्हात उलटी ठेवा, उथळ खोबण बऱ्याचदा आपोआप भरते.

नायलॉनची दोरी भिजली की ताणली जाते, म्हणजे पाऊस सुरू होताच बांधणी सैल. हूकवाले रबरी पट्टे सामान दाबून ठेवायला ठीक, कयाक बांधायला कधीही नाही.

प्रत्येक कयाकला पुढच्या आणि मागच्या आडव्यावर एक-एक स्वतंत्र पट्टा. चार कयाकवरून एकच लांब पट्टा फिरवला तर एक सरकली की चारही सैल होतात. आडव्याच्या टोकांना सळईच्या कड्या वेल्ड करून घ्या आणि पट्टा त्यातून ओवा, म्हणजे तो पाइपवरून बाहेर घसरणार नाही.

कॅरियरला बांधलीच आहे, मग टोकांना दोऱ्या कशाला?

कारण या दोऱ्या कॅरियरला बांधायच्या नसतात, गाडीला बांधायच्या असतात. कॅरियरचा एखादा पाय निघाला, तरी कयाक मागच्या दुचाकीवर जाऊन पडू नये यासाठी ही दुसरी व्यवस्था आहे. पुढचं टोक कॅबिनवर अधांतरी असतं, वारा ते वर उचलतो, मग ते खाली आपटतं, आणि हा खेळ सगळ्या वेल्डना थकवतो. पुढच्या टोकापासून दोन दोऱ्या उलट्या 'व्ही'सारख्या खाली घ्या आणि बॉनेटखाली मडगार्डच्या बोल्टला अडकवलेल्या पट्ट्याच्या फासात बांधा. मागून तशाच दोन, चासीच्या मागच्या हूकला.

दोरी ताठ हवी, पण टोक खाली वाकेल इतकी नको. कयाकच्या प्लास्टिकच्या मुठीवर विसंबू नका. दोरी बोल्टने बसवलेल्या कडीतून घ्या. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, ते चाकाखाली गेलं तर सगळी बांधणी एका क्षणात खेचली जाते.

साठच्या पुढे पट्टा जोरात घोंघावतो. काय बिघडलं?

काही नाही. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो. बांधताना त्याला एक-दोन पीळ द्या, आवाज थांबतो. मात्र घोंघावणारा पट्टा अचानक गप्प झाला तर लगेच थांबून बघा, बहुधा तो सैल झालेला असतो.

आरटीओची अडचण येईल का?

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. बोल्ट काढून उतरवता येणारं कॅरियर आणि चासीला वेल्ड केलेला सांगाडा यांत इथे मोठा फरक पडतो, तरीही पक्कं बसवण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. दुसरं, कलम १९४ (१ए): माल गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. हे उपकलम २०१९ च्या दुरुस्तीत आलं. मागे लाल फडकं बांधलं की चालतं ही जुनी समजूत सोडा. वरच्या मांडणीत ४ मीटरची कयाक पुढे-मागे गाडीच्या आतच राहते. पाच मीटरची समुद्री कयाक असेल तर ती पुढे सरकवून गाडीच्या एकूण लांबीत बसते का, हे आधी फितीने मोजा. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये.

बनवल्यावर चाचणी कशी घ्यायची?

गाडी सपाट जागी उभी करा. कॅरियरवर सिमेंटच्या सात गोण्या, म्हणजे ३५० किलो, सारख्या पसरून दहा मिनिटं ठेवा. खड्ड्यात चार कयाक क्षणभर एवढा भार देऊ शकतात. गोण्या काढल्यावर लांबीच्या पाइपांवर दोरा ताणून बघा, वाक राहिला असेल तर टेके किंवा जोड चुकले आहेत. मग वरच्या कोपऱ्याला दोरी बांधून दोन माणसांनी आडवी ओढायची, तिसऱ्याने फितीने माथ्याची हालचाल मोजायची. १० मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर खालच्या प्लेटा आधी तपासा, दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

त्यानंतर कयाक बांधून २० किलोमीटर खराब रस्त्यावर जा. परत येऊन सोळाही नटांवरच्या रेघा बघा. ५० आणि २०० किलोमीटरनंतर पुन्हा.

रस्त्यात काय सांभाळायचं?

निघाल्यावर पाच किलोमीटरवर एकदा थांबा. पट्टे याच टप्प्यात बसतात आणि सैल होतात. त्यानंतर घाट उतरल्यावर आणि मोठी सर येऊन गेल्यावर. वेग ६०-७० पुरे. जमिनीपासून सगळ्यात उंच कयाकपर्यंतची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. रिसॉर्टच्या कमानी आणि घाटातल्या वडाच्या फांद्या चालकाला आपली गाडी नेहमीएवढीच उंच वाटत असतानाच आडव्या येतात.

गंज आणि चिरा कशा ओळखायच्या?

समुद्रावरून आलात की कॅरियर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पायाच्या प्लेटा आणि कड्या. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, रंग खरवडून रेड ऑक्साइड आणि वर दोन हात.

चीर शोधायला वेल्डवर नाही, वेल्डच्या कडेला पाइपवर बघा. रंगातून तपकिरी, पेन्सिलच्या रेघेसारखी बारीक रेषा दिसली तर तो नुसता गंज समजू नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. रेषा त्याच जागी पुन्हा उमटली तर आत चीर आहे आणि पाणी तिच्यातून झिरपतंय. अशी चीर वरून रॉड फिरवून बुजवली तर ती शेजारी पुन्हा निघते. ग्राइंडरने मुळापर्यंत खोदायची, भरायची आणि वर ४ मिमीची त्रिकोणी पट्टी लावायची.

पावसाळ्यानंतर हौदा मालासाठी लागतो. कॅरियर काढता येईल?

सोळा बोल्ट काढून चौघांनी उचललं की निघतं. नायलॉक नट पुन्हा वापरू नका, त्यातलं नायलॉन एकदा कापलं गेलं की पकड कमी होते. बसवताना नवे घ्या. रिकाम्या भोकांत रबरी बूच लावा. खालच्या प्लेटा कोणत्या पायाच्या आहेत ते ऑइल पेंटने लिहून ठेवा. हाताने पाडलेली भोकं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि प्लेट बदलली तर बोल्ट तिरका बसतो.